सुपारी कुणाची घ्यायची?

आजच्या गोष्टीची सुरुवात आपल्या ओळखीच्या शब्दापासून करू. तमाशाच्या धंद्यात कार्यक्रम ठरवण्याला 'सुपारी' म्हणतात. जत्रांचा हंगाम जवळ आला की पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पुढारी मंडळी तिथं येतात. बिदागीवरून घासाघीस होते, इसार दिला जातो, तारीख पक्की होते. फडमालक दोन गोष्टी हमखास विचारतो. गाव कोणतं आणि पैसे किती?

आज आम्ही तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. सुपारी देणारा कोण आहे? समजा, तो एखाद्या परक्या देशाचा सत्ताधीश आहे. आपल्याच माणसांवर त्यानं जुलूम केला, म्हणून जगानं त्याच्याशी व्यवहार करायला बंदी घातली आहे. अशा माणसापुढं गायला गेलं, त्याच्याकडून पैसे किंवा मानसन्मान घेतला, तर त्या कलावंताचं काय होतं? कायदा त्याला काय विचारतो?

ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची वाटेल. पण तिचा एक धागा सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला जातो, एक पुण्याला, आणि एक तर आपल्या खुलताबादला.

खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. आपल्यापैकी अनेकींनी ती पाहिली असेल. आज आपण ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतो, ते शहर १६१० मध्ये खडकी या नावानं त्यानं वसवलं. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. हा मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनेत आला आणि इथं निजामशाहीचा कारभारी झाला. मुघल बादशहाच्या फौजांना त्यानं वर्षानुवर्षं दाद दिली नाही. १६२६ मध्ये तो इथल्याच मातीत विसावला. आपल्या शहराचा पाया एका काळ्या आफ्रिकी माणसानं घातला, ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण आता आपण आफ्रिकेकडे वळणार आहोत.

आफ्रिका खंडाच्या अगदी खालच्या टोकाला दक्षिण आफ्रिका नावाचा देश आहे. तिथं गोरे थोडे आणि काळे लोक फार. पण सत्ता गोऱ्यांची. १९४८ पासून तिथल्या सरकारनं वर्णभेद हाच कायदा केला. माणूस जन्मला की त्याची नोंद रंगाप्रमाणे. गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी, तिथं गेलेल्या भारतीयांची वेगळी. शाळा, दवाखाने, रेल्वेचे डबे, समुद्राचा किनारासुद्धा वेगळा. काळ्या माणसानं शहरात फिरताना पास जवळ ठेवायचा, नाहीतर अटक. मतदानाचा हक्क नाही.

हे आपल्याला समजायला जड जात नाही. वेगळा पाणवठा, वेगळी वस्ती, देवळाबाहेरची जागा हे सगळं आपल्याच गावांनी पाहिलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही हा सारखेपणा ओळखला होता. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळ्या लोकांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. आपल्याकडचे अस्पृश्य आणि तिकडचे काळे यांची स्थिती किती सारखी आहे, हे त्यात त्यांनी मांडलं. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केलं. आज ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं.

दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार तोडण्यात आपला देश सगळ्यांत पुढं होता. १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळायच्याही आधी, भारतानं त्या देशाशी व्यापार बंद केला. त्याच वर्षी तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात मांडला. ती बाजू मांडणाऱ्या शिष्टमंडळाच्या प्रमुख एक बाई होत्या, विजयालक्ष्मी पंडित. जगभरचे पुरुष मुत्सद्दी समोर बसलेले असताना त्यांनी तो ठराव मंजूर करून घेतला.

पुढं अनेक वर्षं भारताच्या पासपोर्टवर स्पष्ट नोंद असायची की हा पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेसाठी चालणार नाही. म्हणजे इथल्या एखाद्या गायकाला तिथून कितीही मोठी सुपारी आली, तरी सरकारच्या परवानगीशिवाय जाणं हा पासपोर्टच्या कायद्याचा भंग ठरत होता. नियम कलावंताला होता, व्यापाऱ्याला होता आणि खेळाडूलाही होता. १९७४ मध्ये डेव्हिस कप या टेनिसच्या जागतिक स्पर्धेत भारतानं पुण्यात रशियाच्या संघाला हरवून अंतिम फेरी गाठली. विजय आणि आनंद हे अमृतराज बंधू ऐन भरात होते. कप समोर दिसत होता. पण अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. भारतानं खेळायला नकार दिला आणि न खेळताच कप दक्षिण आफ्रिकेला मिळाला. त्या खेळाडूंना पुन्हा तशी संधी लवकर आली नाही. तत्त्वाची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. तेव्हा ती या पोरांनी मोजली.

इथं एक शंका मनात येईल. हे म्हणजे एका देशाला वाळीत टाकणंच झालं की! आणि वाळीत टाकणं तर वाईट. बरोबर आहे. आपल्या महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. जातपंचायतीनं एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं, लग्नकार्याला जाऊ दिलं नाही, दुकानातून माल मिळू दिला नाही, तर तो गुन्हा आहे. मग फरक काय? फरक असा पाहायचा की बहिष्काराचं हत्यार कुणाच्या हातात आहे आणि ते कुणावर चालतंय. गावात ते बहुतेक वेळा बलवानाच्या हातात असतं आणि आंतरजातीय लग्न करणाऱ्या पोरीवर, विधवेवर, गरिबावर चालतं. दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत बहिष्काराची मागणी खुद्द तिथल्या काळ्या लोकांच्या संघटनेनं केली होती. आमच्यावर राज्य करणाऱ्यांना मान देऊ नका, त्यांच्या मांडवात गाऊ नका, असं ते स्वतः म्हणत होते.

आता एका गाणाऱ्या बाईची गोष्ट. तिचं नाव मिरियम मकेबा. दक्षिण आफ्रिकेतली काळी मुलगी. आई दुसऱ्यांच्या घरी काम करायची. मिरियमचा आवाज असा की १९५९ मध्ये ती देशाबाहेर पडली आणि अमेरिकेत नावाजली. १९६० मध्ये तिची आई वारली. आईच्या अंत्यविधीला जायला निघाली, तेव्हा तिला कळलं की सरकारनं तिचा पासपोर्टच रद्द केला आहे. आईचं शेवटचं दर्शन तिला मिळालं नाही. १९६३ मध्ये ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीपुढं उभी राहिली आणि आपल्या देशात काय चाललंय ते तिनं जगाला सांगितलं. त्यानंतर तिच्या देशानं तिचं नागरिकत्व काढून घेतलं आणि तिच्या गाण्यांवर बंदी आली. माहेरची वाट बंद म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिची ती वाट तीस वर्षं बंद होती. १९९० मध्ये तिला घरी परतता आलं.

म्हणजे ज्या सरकारनं या गायिकेला घरी येऊ दिलं नाही, तेच सरकार बाहेरच्या गायकांना मात्र मोठमोठ्या सुपाऱ्या देऊन बोलवायला बघत होतं. त्यामागं हिशोब होता. जगातले नामवंत आपल्याकडे येऊन गाऊन गेले की लोक म्हणणार, तिथं एवढं काही वाईट नसेल. कलावंताची अब्रू जुलमी माणसाला उसनी मिळते. म्हणून संयुक्त राष्ट्रसंघानं १९६८ मध्ये सगळ्या देशांना सांगितलं की दक्षिण आफ्रिकेशी सांस्कृतिक देवाणघेवाण थांबवा. १९८० मध्ये तेच आणखी स्पष्ट सांगितलं, कलावंतांनाही आवाहन केलं.

यातून पळवाट म्हणून एक जागा उभी राहिली. तिचं नाव सन सिटी. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं काळ्यांसाठी तुकडे पाडून काही 'स्वतंत्र देश' जाहीर केले होते. त्यातला एक बोफुथात्स्वाना. १९७७ मध्ये त्याला स्वातंत्र्य दिल्याचं सांगितलं गेलं. राष्ट्राध्यक्ष म्हणून लुकास मंगोपे नावाचा काळा माणूस बसवला. पण दक्षिण आफ्रिका आणि असेच तिचे तुकडे सोडले तर जगातल्या कुठल्याही देशानं त्याला देश मानलं नाही. काळ्यांना अशा तुकड्यांत ढकललं की त्यांच्याच मूळ देशात ते परके ठरणार, हा त्यामागचा डाव होता. या तुकड्यात १९७९ मध्ये जुगारघर, हॉटेलं आणि भलंमोठं नाट्यगृह असलेली सन सिटी उघडली. येणाऱ्या कलावंताला सांगायला कारण तयार होतं. मी दक्षिण आफ्रिकेत गेलोच नाही, मी तर दुसऱ्या देशात गेलो.

१९८१ मध्ये अमेरिकेचा प्रख्यात गायक फ्रँक सिनात्रा तिथं गायला. मंगोपेनं त्याला आपल्या 'देशा'चा मोठा किताब दिला. जगानं मान्य न केलेल्या सत्तेला यापेक्षा मोठी जाहिरात कुठली मिळणार? हस्तांदोलन, हार, किताब, फोटो. गाणं संपलं, पण फोटो राहिला.

मग १९८३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या वर्णभेदविरोधी समितीनं एक यादी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेत जाऊन कार्यक्रम केलेल्या कलावंतांची नावं त्यात असायची. ही यादी म्हणजे कोर्टाची शिक्षा नव्हती. तुरुंग नव्हता. पण तिचा चटका बसायचा. काही देशांतल्या नगरपालिका यादीतल्या कलावंताला आपलं सभागृह द्यायच्या नाहीत, ठिकठिकाणी निदर्शनं व्हायची. या यादीत एक चांगली सोयही होती. पुन्हा तिथं जाणार नाही असं लिहून दिलं की नाव काढलं जायचं. चुकलेल्याला परत यायला दार ठेवलेलं होतं.

आणि आता पाचगणी. १९४६ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर एका पारशी घरात फारूख बुलसारा नावाचा मुलगा जन्मला. आईवडील मूळचे गुजरातचे. आठ वर्षांचा असताना त्याला शिकायला आपल्या महाराष्ट्रात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. तिथंच तो पियानो शिकला, तिथंच मित्रांबरोबर पहिला बँड काढला. पुढं झांझिबारमध्ये १९६४ मध्ये क्रांती झाली, घरदार सोडून कुटुंब इंग्लंडला गेलं. हाच मुलगा नंतर फ्रेडी मर्क्युरी या नावानं जगभर गाजला. त्याच्या बँडचं नाव क्वीन.

ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीन सन सिटीत गायला गेला. इंग्लंडमधल्या वादकांच्या संघटनेनं सभासदांना तिथं जायला मनाई केलेली होती. तरी ते गेले. आमचं राजकारणाशी देणंघेणं नाही, ज्यांना आमचं गाणं आवडतं त्या सगळ्यांसाठी आम्ही गातो, अशी बँडची बाजू होती. सन सिटीत काळा-गोरा शेजारी बसू शकतो, असंही सांगितलं जायचं. ते खरंही होतं. पण तिकिटाचे पैसे किती काळ्या मजुरांना परवडणार होते? तिथल्या अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळेला बँडनं मदतही केली. परत आल्यावर संघटनेनं दंड केला आणि क्वीनचं नाव संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत गेलं.

विचार करा. आफ्रिकेच्या बेटावर जन्मलेला, पाचगणीत वाढलेला, आपल्यासारख्याच रंगाचा हा गायक. तो त्या देशात जन्मला असता तर त्याची नोंद 'आशियाई' म्हणून झाली असती, गोऱ्यांच्या वस्तीत त्याला घर मिळालं नसतं. आम्हाला इथं त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. पुढं १९९१ मध्ये एड्सच्या आजारानं तो गेला. त्यानंतर बारा वर्षांनी, २००३ मध्ये, त्याचे साथीदार दक्षिण आफ्रिकेतच केपटाऊनला नेल्सन मंडेलांच्या एड्सविरोधी कार्यक्रमात गायले. माणसं पुढं जातात, हेही खरं आहे.

बहिष्काराच्या बाजूनंही सगळं सरळ नव्हतं. अमेरिकेचा गायक पॉल सायमन १९८५ मध्ये जोहान्सबर्गला गेला. त्यानं तिथल्या सरकारपुढं गाणं म्हटलं नाही. त्यानं काळ्या वादकांबरोबर गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांना चांगले पैसे दिले, नाव दिलं. तरी त्याच्यावर बहिष्कार मोडल्याचा आरोप झाला, कारण त्यानं लढणाऱ्या संघटनेला विचारलं नव्हतं. काही म्हणाले, बहिष्कारामुळं काळ्या कलावंताची चूलही विझते, त्याचं काय? गंमत अशी की पुढं त्याच गाण्यांच्या दौऱ्यात मिरियम मकेबा स्वतः त्याच्याबरोबर गायली. म्हणजे जिचं माहेर तुटलं होतं, तिला सायमन आणि सिनात्रा यांच्यातला फरक दिसत होता. एक राज्यकर्त्याच्या मांडवात गेला, दुसरा सोसणाऱ्यांच्या घरी गेला. पण दुसऱ्यानंही आधी विचारायला हवं होतं, असं म्हणणारे आजही आहेत. तुमच्या गटात यावर दोन मतं पडली तर पडू द्या.

शेवट काय झाला, ते तुम्हाला ठाऊक आहे. ११ फेब्रुवारी १९९० ला नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांच्या कैदेतून सुटले. नोव्हेंबर १९९३ मध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेशी राजनैतिक संबंध पुन्हा जोडले. एप्रिल १९९४ मध्ये काळ्या लोकांनी पहिल्यांदा मतदान केलं. त्याच वर्षी, १४ जानेवारीला, आपल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. दोन्हीकडे माणसं किती वर्षं झगडली, किती घरं जळाली, हे मराठवाड्याला वेगळं सांगायची गरज नाही. बहिष्कारानं एकट्यानं ती सत्ता पाडली नाही. लढणारे तिथलेच होते. पण बाहेरच्यांनी जुलमी माणसाला मान दिला नाही, हा लढणाऱ्यांना आधार होता.

आता आजच्या काळाकडे येऊ. आज सबंध देशाऐवजी ठरावीक माणसांवर निर्बंध घालण्याची पद्धत वाढली आहे. संयुक्त राष्ट्रसंघ, अमेरिका, युरोपीय संघ अशी नावं जाहीर करतात. त्या माणसाची बँकखाती गोठवली जातात, प्रवासाला बंदी येते, आणि त्याच्याशी पैशाचा व्यवहार करणारासुद्धा अडकतो.

चार उदाहरणं पाहू. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी. त्याच्या कुटुंबाच्या खासगी समारंभात बियॉन्से, मारिया कॅरी, नेली फुर्टाडो अशा मोठ्या गायिका गाऊन आल्या होत्या. तेव्हा लिबियावर पूर्वीसारखे निर्बंध राहिले नव्हते. पण फेब्रुवारी २०११ मध्ये गद्दाफीनं आपल्याच लोकांवर गोळ्या चालवल्या, संयुक्त राष्ट्रसंघानं त्याच्यावर आणि त्याच्या कुटुंबावर निर्बंध घातले, आणि जुन्या सुपाऱ्या उघड्यावर आल्या. नेली फुर्टाडोनं मिळालेले दहा लाख डॉलर दान करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे गायल्या त्या दिवशी कायदा मोडला नव्हता, तरी हिशोब चार वर्षांनी द्यावा लागला.

दुसरं उदाहरण जेनिफर लोपेझचं. २०१३ मध्ये ती तुर्कमेनिस्तानात एका चिनी तेल कंपनीच्या कार्यक्रमात गेली. तिथं पुढच्या खुर्चीत त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. त्याचा वाढदिवस होता, तिनं त्याला वाढदिवसाचं गाणं म्हटलं. नंतर तिच्या लोकांना सांगावं लागलं की तिथल्या जुलमाची माहिती असती तर ती गेली नसती. सुपारी कंपनीची, पण मान राष्ट्राध्यक्षाला. आपल्याकडेही मांडव एकाचा आणि पुढची खुर्ची दुसऱ्याची असते की नाही?

तिसरं, चेचन्याचा प्रमुख कादिरोव. २०११ मध्ये त्याच्या वाढदिवसाला हॉलिवूडची अभिनेत्री हिलरी स्वँक गेली आणि नंतर तिनं जाहीर खेद व्यक्त केला. त्याच कादिरोववर २०१४ मध्ये युरोपीय संघानं आणि २०१७ मध्ये अमेरिकेनं निर्बंध घातले. आज तसा पाहुणचार आणि मानधन घेणाऱ्या अमेरिकन कलावंताला खेदावर सुटता येणार नाही. आणि चौथं, अमेरिकेचा बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमन. तो उत्तर कोरियाच्या किम जोंग उनला भेटायला पुनःपुन्हा गेला. उत्तर कोरियाला चैनीच्या वस्तू देण्यावर २००६ पासून बंदी आहे. रॉडमननं नेलेल्या भेटवस्तूंनी ती बंदी मोडली का, असा प्रश्न त्याच्याच देशात उभा राहिला.

यातून कायद्याची एक रीत लक्षात येते. नुसतं भेटणं, नमस्कार करणं हा बहुतेक वेळा गुन्हा नसतो. गुन्हा सुरू होतो तो देण्याघेण्यापाशी. मानधन, भेटवस्तू, विमानाचं तिकीट, हॉटेलचा खर्च. अमेरिकेच्या कायद्यात तर फुकट केलेला कार्यक्रमसुद्धा 'सेवा दिली' म्हणून धरला जाऊ शकतो. त्या कायद्याखाली जाणूनबुजून निर्बंध मोडणाऱ्याला वीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रसंघानं दहशतवादी म्हणून यादीत घातलेल्यांना पैसा, मालमत्ता किंवा तत्सम सेवा पुरवण्याला आपल्या यूएपीए कायद्याच्या कलम ५१-अ खाली बंदी करता येते, त्यांचा पैसा गोठवता येतो. परकीय चलनाच्या फेमा कायद्याखालच्या नियमांत, सांस्कृतिक दौऱ्यासाठी इथून परदेशी चलन न्यायचं असेल तर केंद्र सरकारच्या खात्याची पूर्वपरवानगी लागते. आणि परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा आमदार, खासदार, न्यायाधीश, सरकारी नोकर यांना परदेशात गेल्यावर परवानगीशिवाय तिथला पाहुणचार घेऊ देत नाही.

हाच एफसीआरए आपल्या दाराशीही येतो. समजा, गावातलं महिला मंडळ नवरात्रात भजन-भारुडाचा कार्यक्रम करणार आहे. गावचा एक मुलगा अमेरिकेत आहे, तो पैसे पाठवतो म्हणतो. तो अजून भारताचा नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तीच रक्कम परदेशी देणगी होते. मग संस्थेची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. शहरातली नोंदणी असलेली संस्था आपल्याकडे आलेली परदेशी देणगी तुमच्या मंडळाकडे वळती करू शकत नाही. २०२० पासून त्याला बंदी आहे. मात्र वस्तू विकून किंवा काम करून रीतसर बिलानं मिळालेले पैसे वेगळे. वेरूळला आलेल्या परदेशी पाहुण्यानं तुमच्या गटाची गोधडी विकत घेतली, तर ती देणगी नव्हे.

कायद्याच्या हातात एवढी ताकद असली की त्याचा गैरवापरही होतो. मकेबाचा पासपोर्ट कायद्यानंच काढला होता. आपल्याकडे १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट सरकारनं 'जनहितासाठी' जप्त केला आणि कारण सांगायला नकार दिला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की माणसाचा हक्क काढून घेण्याची पद्धत न्याय्य, वाजवी असली पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. एका बाईनं लढवलेला हा खटला आज साऱ्या देशाच्या उपयोगी पडतो. तुमच्या गटावर, मंडळावर कुणी बोट ठेवलं, तर कारण लेखी मागा आणि आपलं म्हणणं लेखी द्या. तो तुमचा हक्क आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या मीटिंगमध्ये हा विषय काढा. तुमच्या गटातल्या भजनी मंडळाला, लेझीम पथकाला, एखाद्या गुणी पोरीला बाहेरून बोलावणं आलं, तर कोणते प्रश्न विचारायचे ते वहीत लिहून ठेवा. बोलावणारा कोण? पैसा कुणाचा आणि कुठल्या खात्यातून? पुढच्या खुर्चीत कोण बसणार? आणि त्या खुर्चीतल्या माणसाचा जाच जे सोसतात, त्यांनी आपल्याला काही सांगितलंय का? उत्तरं मिळाली की मग इसार घ्या, पावती फाडा आणि मोकळ्या गळ्यानं गा.